तिथीची पाऊणपट: कोकणच्या दर्याकडे वेळ साधून जाण्याविषयी

कोकणात समुद्र पाहायला आलेली मंडळी बहुतेक वेळा आपल्या सोयीने किनाऱ्यावर जातात. जेवणं झाली, ऊन उतरलं, चला पुळणीवर. त्यात वावगं काही नाही, समुद्र केव्हाही गेलं तरी दिसतोच. पण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरतीच्या वेळी पाण्याखाली असते. हेदवीची बामणघळ ओहोटीला नुसती खडकातली भेग वाटते. रात्री निळ्या उजेडाने पेटणाऱ्या लाटा पौर्णिमेच्या चांदण्यात पुसट होतात. ज्यांच्यापुढे हात आपोआप जोडले जावेत, अशी पाण्याची ही रूपं सगळी तिथीला बांधलेली आहेत. ती वेळ कशी काढायची, तिच्यामागे काय चालतं आणि कुठे चुकतं, हे इथे सविस्तर सांगतो. चंद्राचं गणित कळलं की समुद्रापुढचा भक्तिभाव ओसरतो असं काहींना वाटतं. आमचं मत उलट आहे. पाणी कोणाच्या हाकेला ओ देतंय हे माहीत असलेल्या माणसाला किनाऱ्यावर जास्त दिसतं, आणि जे दिसतं ते जास्त खोल उतरतं.

भरतीची वेळ तोंडी कशी काढायची

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, प्रतिपदा म्हणजे १ आणि पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ च्या सुमारास एक भरती आणि दुपारी साधारण साडेतीनला दुसरी. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. पूर्ण भरतीत सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, जिला किनाऱ्यावर सुकतीही म्हणतात.

हिशेब बसतो याचं कारण सोपं आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे चंद्र पुन्हा डोक्यावर यायला २४ तास नाही, तर सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि कालची भरती आज सुमारे पाऊण तास उशिरा येते. पाऊणपटीतला पाऊण तो हाच.

हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. अष्टमी-नवमीच्या आसपास त्याहून जास्तही चुकतो, कारण त्या दिवसांत सूर्य आणि चंद्र पाण्याला वेगवेगळ्या दिशांनी ओढत असतात. शिवाय हा हिशेब मुंबई-अलिबागकडच्या पाण्याला नेमका बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला तीच भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी लागते. रत्नागिरी, गुहागर या दोहोंच्या मध्ये. रत्नागिरीला जाणाऱ्याने पाऊणपटीतून अर्धा तास वजा करावा, मालवणला जाणाऱ्याने एक तास.

तिथी आठवत नसेल तर वर पाहा. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर आला की भरती पूर्ण होत आलेली किंवा नुकतीच झालेली असते, आणि चंद्र क्षितिजाला टेकलेला असला की पाणी खाली असतं. सगळीकडे असं जुळत नाही. जगात असे किनारे आहेत जिथे चंद्र माथ्यावर असताना ओहोटी असते, कारण भरतीची लाट समुद्राच्या आकाराप्रमाणे वळसे घेत किनाऱ्याला पोचते. आपल्याकडे जुळलं आहे ते किनाऱ्याच्या ठेवणीमुळे. ठेवणीमुळे का होईना, पौर्णिमेच्या मध्यरात्री श्रीवर्धनच्या पुळणीवर उभं राहून वर चंद्र आणि पायाशी चढतं पाणी एकाच वेळी पाहता येतं. हे भाग्य प्रत्येक किनाऱ्याचं नाही.

इतक्या लांबून ओढतो तरी किती?

चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला त्याची ओढ थोडी जास्त, पलीकडच्या बाजूला थोडी कमी. या दोहोंतला फरक भरती घडवतो. जवळचं पाणी पृथ्वीपेक्षा जरा जास्त ओढलं जातं, पलीकडचं जरा कमी, म्हणून पाणी दोन्ही बाजूंना ताणलं जातं आणि दिवसात एकाऐवजी दोन भरत्या येतात. भरती फक्त चंद्राच्या बाजूलाच यायला हवी, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. दिवसातल्या दोन भरत्यांचा उलगडा त्यातून होत नाही.

या फरकाचं बळ ऐकून थक्क व्हायला होतं. आपल्याला जमिनीवर धरून ठेवणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत ते सुमारे एक कोटीवा भाग आहे. एवढ्या बळाने पाणी सरळ वर उचललं जात नाही, आडवं सरकतं. संपूर्ण महासागरभर, तासन्‌तास, एकाच दिशेने थोडं थोडं सरकल्यावर खोल समुद्रात जेमतेम हातभर उंचीची लाट तयार होते. ती किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर चढली की वाढते. मुंबईसमोर हा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्यासमोर त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय उत्तरेकडे खंबातच्या आखाताचं निमुळतं तोंड आहे. परातीत पाणी घेऊन ठरावीक ठेक्यात हलवलं तर कडेला ते मध्यापेक्षा कितीतरी वर चढतं, तसंच इथे घडतं. म्हणून मोठ्या उधाणाला मुंबईत भरती आणि ओहोटीतला फरक ४ ते ५ मीटरपर्यंत जातो, खंबातच्या आखातात त्याच्या दुपटीच्याही पुढे, आणि गोव्याकडे तो २ मीटरच्या आसपास उरतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो आणि मालवणात समुद्र इतका मागे हटत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

सूर्यही ओढतो. तो चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट जड आहे, पण सुमारे ३९० पट लांब. भरतीचं बळ अंतराच्या घनाने घटतं, म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी राहतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात आणि दोन्ही ओढी एकमेकींत मिळतात. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोन होतो, ओढी एकमेकींना कापतात. ती भांगाची भरती. पाण्याला जडत्व असल्यामुळे सर्वात मोठं उधाण पौर्णिमेच्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी, बहुधा द्वितीयेच्या आसपास येतं. भांगही तसाच नवमी-दशमीपर्यंत लांबतो.

आणखी एक गोष्ट, जी किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही. उथळ तळावर घासत जाणारं हे पाणी पृथ्वीची फेरी अतिशय मंद गतीने कमी करत आहे. शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी मोठा होतो आणि त्या बदल्यात चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर किरण पाडून हे अंतर मोजलं गेलं आहे. या घर्षणात जगातल्या सगळ्या उथळ समुद्रांचा वाटा आहे, आपल्या अरबी समुद्राचाही. किनाऱ्यावरची गाज ऐकताना हे आठवावं.

सण आणि पाणी

समुद्रस्नान पर्वकाळीच करावं, एरवी नाही, असा जुना संकेत आहे. अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण ही पर्वं, आणि हेच उधाणाचे दिवस. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि त्यानंतर लगेच येणाऱ्या अमावास्येला गावोगावचे देव तरंगकाठ्या-पालख्यांसह समुद्रात तीर्थस्नानाला येतात. हिशेब करून पाहा. अमावास्येची पाऊणपट सव्वाअकरा, देवगडसाठी त्यातून पाऊण तास वजा, म्हणजे पूर्ण भरती साडेदहाच्या आसपास. पहाटे आणि दुपारी साडेचार-पाचला पाणी खूप मागे. ढोल-ताशांत देवाला घेऊन पुळणीवर उतरणाऱ्या माणसांच्या पायाखालची वाळू महिन्यातल्या इतर बऱ्याच दिवशी ओहोटीलाही पाण्याखालीच असते.

गणपतीचंही असंच. दीड दिवसाचा गणपती पंचमीला जातो. ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी उतरतं पाणी. गौरी-गणपती साधारण सप्तमी-अष्टमीला निघतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला भरती असते, पण भांगाची, त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. अनंत चतुर्दशीला सकाळी साडेदहाला भरती आणि दुपारी साडेचार-पाचला ओहोटी. संध्याकाळी मिरवणूक किनाऱ्यावर पोचते तेव्हा पाणी लांब असतं आणि नुकतंच परतायला लागलेलं असतं. चढत्या पाण्यात सोडलेली मूर्ती आणि निर्माल्य पुन्हा किनाऱ्याकडे येतं, हे कोणीही दुसऱ्या सकाळी पाहू शकतं. शाडूची मूर्ती असेल तर ती उतरत्या पाण्यात सोडावी, नाहीतर घरच्या बादलीत विरघळवावी. दोन्ही मार्ग सारखेच चांगले.

नारळी पौर्णिमेचा संबंध भरतीपेक्षा वाऱ्याशी जास्त. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. श्रावणी पौर्णिमा येईपर्यंत पावसाळी वाऱ्याचा जोर उतरायला लागलेला असतो. त्या दिवशी नारळ अर्पण करताना समोरचं पाणी उधाणाचं असतं, हे मात्र विसरू नये. पूजा किनाऱ्यावरून करावी, खडकाच्या टोकावरून करू नये.

हरिहरेश्वर: ओहोटीची वाट

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ हरिहरेश्वर आहे. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, पुन्हा काळभैरवाचं, हा इथला क्रम. मंदिरामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि दोन कड्यांच्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात काढून देते. तिथून टेकडीला उजव्या हाताला ठेवून खडकावरून वळसा घ्यायचा. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट. लाटांनी तो कापून सपाट ओटा केला आहे.

कड्याकडे जवळून पाहा. मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या खळग्या मिठाने कोरलेल्या आहेत. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण आतून ढकलून सुटे करतात. खालच्या ओट्यावरचे गोल रांजण वेगळ्या रीतीने झाले. खळग्यात अडकलेला गोटा लाटेबरोबर गरगरत राहतो आणि हजारो वर्षं तोच खळगा खोल करत जातो. पुष्कळ रांजणांत तो गोटा अजून दिसेल. तो उचलून आणू नये. त्याचं काम चालू आहे.

आता वेळ. खडकाळ वाटेवर जायचं ते पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी, आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या क्षणाला परतीच्या पायऱ्या डोळ्यांसमोर असायला हव्यात. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही म्हणून ही घाई. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एकूण चढ २ मीटर ४० सेंटिमीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात आणि चौथ्यात ६०-६०. पहिला तास माणसाला फसवतो. पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं, फोटो लांबतात, आणि दुसरा तास अर्धा उलटताना मागची सखल जागा भरून गेलेली असते. सपाट ओट्यावर वीतभर चढही दहा-पंधरा पावलांची वाट खाऊन टाकतो. अपघात इथेच होतात, आणि हरिहरेश्वरच्या या खडकावर माणसं वाहून गेली आहेत.

भरतीचं कोष्टक लाटेची उंची सांगत नाही, फक्त शांत पाण्याची पातळी सांगतं. ती मोजलेली असते जवळजवळ सर्वात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, म्हणून ०.३ लिहिलं असेल तर खडक खूप उघडा पडणार आणि १.५ लिहिलं असेल तर थोडासाच. लाटांचा हिशेब वेगळा करावा लागतो. दूर दक्षिण महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी, इथे वारा पडलेला असताना, उन्हाळ्यातही आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून अशा लाटांचे इशारे निघतात. निघण्यापूर्वी ते पाहावेत, आणि भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातून घ्याव्यात. उतरण्याआधी वर पायऱ्यांवर पंधरा मिनिटं उभं राहून लाटा नुसत्या पाहाव्यात. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात, मधे बराच वेळ शांतता असते, आणि शांतता पाहून उतरणारा त्या गटात सापडतो. खडक ओला, काळा आणि शेवाळलेला दिसला तर तिथवर पाणी पोचतं हे समजावं. पावसाळ्यात ही वाट नकोच. मंदिरात दर्शन घ्यावं आणि टेकडीवरून समुद्र पाहावा.

दिवस निवडताना एक सोय लक्षात ठेवा. सकाळच्या उजेडात मोठी ओहोटी हवी असेल तर द्वितीया-तृतीया, कारण तेव्हा पाणी पावणेआठ-साडेआठला सर्वात खाली असतं. संध्याकाळी हवी असेल तर त्रयोदशी-चतुर्दशी, चार ते पाच. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते आणि तीही अर्धवट.

अशा ओहोटीला उघड्या पडलेल्या डबक्यांशेजारी बसावं. खडकावर जीवांच्या थरांची रांग दिसते. सर्वात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, बारीक गोगलगायी. खाली खडकाला चिकटलेली कालवं, जी बायका कोयत्याने फोडून काढतात. त्याखाली शेवाळ, आणि डबक्यात फुलासारखे उमललेले समुद्रफुलांचे जीव, ज्यांच्यावर सावली पडली तरी ते मिटतात. प्रत्येक जीव किती तास उन्हात तग धरू शकतो त्यावर त्याची जागा ठरते. म्हणजे चंद्राने आखलेल्या रेषा खडकावर जिवंत दिसतात. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नये, त्याचा डंख विषारी असतो. पावसाळ्यात पुळणीवर पडलेल्या निळ्या फुग्यासारख्या जीवालाही शिवू नये, मेलेला दिसला तरी.

हेदवी: भरतीची घळ

गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या मंदिराजवळ खडकात एक लांब अरुंद भेग आहे, तीच बामणघळ. इथे ओहोटीला येऊन निराश होणारे पुष्कळ. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी यावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. लाट घळीच्या रुंद तोंडातून शिरते, घळ आत निमुळती होत जाते, तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं जातं आणि पुढची हवा दाबली जाते. मग शेवटी कोंडलेलं पाणी आणि हवा मिळून धडाक्याने वर उसळतात. आधी आतून घुमारा ऐकू येतो, क्षणभराने पांढरा स्तंभ उभा राहतो. ज्या लाटेचा घुमारा मोठा, तिचं पाणी उंच. प्रत्येक लाट उसळत नाही. घळीतून परतणारं पाणी येणाऱ्या लाटेला अडवतं तेव्हा ती आतच विरते, म्हणून थांबावं लागतं. घळीच्या काठावर वाकून पाहू नये. खडक निसरडा असतो आणि आत पडलेल्याला लाटांमुळे बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं.

हरिहरेश्वर आणि हेदवी एकाच फेरीत करायचं असेल तर संध्याकाळची ओहोटी हरिहरेश्वरला साधावी आणि दुसऱ्या सकाळची भरती हेदवीला. वाटेत बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे अशा दोन फेरीबोटी लागतात. त्यांच्या पहिल्या-शेवटच्या खेपांची वेळ आधी विचारून ठेवावी, नाहीतर भरती निघून जाते.

निळ्या लाटा

हिवाळ्यात, मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत, कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाट फुटली की निळा उजेड सळसळत जातो. हा उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा. तो फार तर दोन मिलिमीटरचा असतो. पाण्याचा धक्का बसला की त्याच्या पेशीतलं ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेजच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि प्रकाश पडतो. चमक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीच. लाटेत असे लाखो जीव एकापाठोपाठ चमकतात, म्हणून उजेड धावल्यासारखा दिसतो.

हे ठरवून दिसेलच असं नाही. पण दिसण्याची शक्यता वाढवता येते. अमावास्येच्या तीन-चार दिवस अलीकडे-पलीकडे जावं. वस्तीच्या दिव्यांपासून दूर, पण खडकाळ नसलेली पुळण निवडावी. बॅटरी आणि मोबाइल बंद करून वीस ते तीस मिनिटं अंधारात थांबावं, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. एकदा मोबाइलकडे पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. मग ओल्या वाळूवर पाय घासून बघा. जीव असतील तर पावलाभोवती ठिणग्या उठतात. पाण्यात उतरायची गरज नाही, आणि रात्री उतरूही नये.

एक गोष्ट मनाला लागते, तीही सांगायला हवी. हे जीव फार वाढले की ते समृद्धीचं लक्षण असेलच असं नाही. पाण्यात पोषकद्रव्यं वाढली आणि ऑक्सिजन कमी झाला की अरबी समुद्रात नॉक्टिल्युकाची हिरवी जात जोमाने फोफावते आणि माशांच्या खाद्याची साखळी बिघडते. ज्या रात्री आपण पाण्यापुढे नतमस्तक होतो, त्याच रात्री मच्छीमाराच्या जाळ्यात कमी येत असेल. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मनात ठेवूनच ते निळं पाणी पाहावं.

खाऱ्यात गोडं

मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधला. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. याला चमत्कार म्हणणाऱ्यांना आम्ही हसत नाही, कारण स्पष्टीकरणही तेवढंच विलक्षण आहे. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असतं. एक लिटर गोडं पाणी साधारण १,००० ग्रॅम, समुद्राचं १,०२५. एवढ्याशा फरकावर गोड्या पाण्याचा थर जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. वाळूसारख्या जमिनीत हिशेब असा बसतो: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली ते सुमारे चाळीस मीटर असतं. खडकात भेगांप्रमाणे आकडा बदलतो, तत्त्व तेच.

हाच हिशेब उलटाही लागतो, आणि किनाऱ्यावरच्या वाड्यांना तो आता भोवतो. पंपाने उपसून गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली नेली तर खालचं खारं पाणी काही काळाने चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकतं. एप्रिल-मे महिन्यांत विहीर मचूळ लागते ती त्यामुळे. मग लोक विहीर आणखी खोल करतात, आणि तिथेच चुकतं, कारण खोल गेलं की खाऱ्याच्या आणखी जवळ. किनाऱ्याच्या विहिरी उथळ आणि रुंद ठेवाव्यात. पंप लहान असावा, एका दमात तीन तास चालवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवावा. माडांना आळ्यात पाटाने सोडण्याऐवजी ठिबकने पाणी द्यावं आणि पावसाळ्यात छपराचं पाणी गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात मुरवावं. विहीर एकदा खारट झाली की पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. समुद्राजवळच्या काही विहिरींची पातळी भरती-ओहोटीबरोबर बोटभर वर-खाली होते. काठावर खुणेची दोरी सोडून, चतुर्थीला सकाळी सव्वानऊला आणि दुपारी साडेतीनला पाहिलं तर ते घरबसल्या दिसतं. वाळूतून वाट काढत यायला भरतीला वेळ लागतो, म्हणून विहीर समुद्राच्या थोडी मागे चालते. किनाऱ्यापासून जितकी दूर, तितकी जास्त मागे.